खिंडीसाठी एकच लेन्स

१६ जानेवारी १९७८, सोमवार

सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज बघून झाले, गड्ड्याच्या जत्रेत पोरांचे पाळणे झाले, आणि आज सकाळच्या गाडीनं ईश्वरप्पाचं बिऱ्हाड दुधनीला परत गेलं. घर शांत आहे. माझं डोकं अजून शांत नाही.

ईश्वरप्पा माझा धाकटा भाऊ. दुधनीत त्याची अडत आहे. वयानं माझ्याहून लहान, पण बोलतो आमच्या वडिलांचा वडील असल्यासारखा. काल रात्री जेवताना म्हणाला, "अक्का, आता रिटायर झालीस. एवढ्या घरात एकटी काय करतीस? कुलूप घाल न् दुधनीला चल की. माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय." त्या खोलीच्या खाली तुरीची पोती असतात. मी गर्ल्स हायस्कूलमध्ये तीस वर्षं जिऑग्राफी शिकवली आहे. पोत्यांवर झोपायला नाही.

मी म्हटलं, मी मे महिन्यात हिमालयात चालले आहे. स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर घेऊन.

(हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं. पण निर्णय म्हणजे निर्णय.)

तो इतका हसला की ठसका लागला. मग हात पुढे करून म्हणाला, "लागली पैज. बोचकं पाठीवर घेऊन वरच्या खिंडीत जाऊन दाखव. तिथं तू उभी असलेला फोटो आण. मग ह्या घरात दुधनीचं नाव काढणार न्हाई. न्हाई जमलं तर जूनमध्ये सामान बांधायचं. कबूल?" मी हातावर हात मारला. त्याची बायको शिवबाई साक्षीदार.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एक शिकवलं होतं: लेडी दिलेला शब्द मोडत नाही. सारासार विचार करायचं त्यांनी शिकवलं असेल, तर मी त्या दिवशी आजारी असावे.

१९ जानेवारी

कमलाकर हुद्दारला भेटले. बँकेत ऑफिसर आहे, त्याची बहीण माझी विद्यार्थिनी. दर उन्हाळ्यात तो सोलापूरच्या दहा-बारा माणसांना कुलूच्या बाजूला घेऊन जातो आणि बारा हजार फुटांवरची एक खिंड ओलांडून आणतो. मला म्हणाला, "बाई, गुडघे कसे आहेत?" मी त्याला माझ्या कॅमेऱ्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "आणि दम?" मी लेन्सबद्दल सांगितलं.

शेवटी नाव लिहून घेतलं. मात्र नियम ऐकवला: सॅकचं वजन ठरलेलं, त्यापुढे तोळाभरही नाही. कॅमेरा एक. लेन्स एक.

माझ्याकडे तीन आहेत. हा नियम माझ्यावर डोळा ठेवूनच केलेला दिसतो.

२२ जानेवारी, रविवार

बाकीची मंडळी पहाटे पाण्याच्या टाकीचे जिने चढण्याच्या सरावाला गेली. सोलापुरात चढ म्हणजे तेवढाच. किल्लासुद्धा भुईकोट. मी गेले नाही. आधी लेन्स ठरायला हवी. चालणं काय, माणूस जन्माच्या दुसऱ्या वर्षापासून करतोच.

कॅमेरा जर्मन आहे. आमच्या गल्लीतले एक इंजिनीअर बदली होऊन गेले, त्यांच्याकडून तीन लेन्ससकट घेतला. शिस्तीत मांडते:

अठ्ठावीस मिलिमीटर — वाइड. येईल त्याला आत घेते. लग्नाच्या पंगतीसारखी. सिलेक्शन नाही.

पन्नास — नॉर्मल. डोळ्याला दिसतं तेच दाखवते. मग डोळ्यांनी काय पाप केलं आहे?

एकशे पस्तीस — टेली. दूर उभी राहून नेमकं तेवढंच उचलते. बाकीचं सगळं धूसर. हिला मॅनर्स आहेत.

पण घाईनं निवड करायची नाही. तिघींना समान संधी.

२९ जानेवारी

सिद्धेश्वर तळ्यावर टेस्ट. अठ्ठावीसमध्ये देऊळ काडेपेटीएवढं आणि उजव्या कोपऱ्यात आंघोळ करणारा एक गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला. मी म्हटलं, तुम्ही कोपऱ्यात आहात, तुमचं कंपोझिशनमध्ये काही महत्त्व नाही. यावर ते आणखी चिडले.

आज एकूण खूप फोटो काढले. रोल घातला नव्हता. सगळे उत्तम आले.

६ फेब्रुवारी, सोमवार

गच्चीवरून एकशे पस्तीसची टेस्ट. पलीकडच्या गल्लीत रुक्मिणी सबनीस राहतात, शाळेत ड्रॉइंगला होत्या. सोमवारचा कडक उपास करतात, पाण्याशिवाय काही नाही, असं अख्ख्या स्टाफरूमला वीस वर्षं ऐकवलं. आज दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून कडक भाकरी खात होत्या. शेंगाचटणी लावून. चटणीवर दही.

हे मी मुद्दाम पाहिलं नाही. लेन्स टेस्ट होती.

एकशे पस्तीस फारच शार्प आहे.

१३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा टेस्ट. आज बटाट्याचं काहीतरी. फोकस हलला.

५ मार्च

कमलाकर येऊन गेला. "बाई, टाकीवर एकदाही दिसला नाहीत." मी सांगितलं की मी घरच्या जिन्यावर सराव करते. (गच्चीवर जाण्यासाठी जिना चढावाच लागतो. सोमवारी दोनदा.)

त्याच्याबरोबर काशम्मा आली होती. सिव्हिलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेली, तीही खिंडीला येते आहे. ऐसपैस बाई, मोठ्यानं बोलते. तिच्याकडे डबा कॅमेरा आहे, तिच्याच भाषेत, "खटका दाबला की मानूस आत." माझ्या लेन्स हातात घेऊन म्हणाली, "हेमाक्का, लई भारी. पन मला सांगा, भाऊला तुमचा फोटो दाखवायचा न्हवं? मग तुमचा फोटो कोन काढनार?"

मी म्हटलं, हा प्रश्न टेक्निकल नाही. आपण लेन्सबद्दल बोलत होतो.

कॅमेऱ्याला सेल्फ टायमर आहे. तो इंजिनीअरसाहेबांच्याच काळापासून अडकलेला आहे, पण आहे.

२ एप्रिल

ठराव:
१. उद्यापासून रोज पहाटे टाकीपर्यंत चालणे.
२. सॅकमध्ये विटा घालून जिना चढणे.
३. सोमवारी गच्चीवर न जाणे.

३ एप्रिल, सोमवार

पहाटे उठले होते. चालायला निघणार तेवढ्यात लक्षात आलं की माझे बूट नवे आहेत, आणि नव्या बुटांत चालल्यास फोड येतात. फोड आल्यास हिमालय रद्द. त्यामुळे विश्रांती.

विटा बुधवारी.

दुपारी सबनीसांच्या खिडकीत साबुदाणा. शेवटी एकदाचं उपासाचं तरी.

१६ एप्रिल

शरीराला लोकरीची सवय व्हावी म्हणून दुपारी गच्चीवर ओव्हरकोट, हातमोजे आणि माकडटोपी घालून बसले. कॅमेरा डोळ्याला. सोलापुरातलं एप्रिलचं ऊन काय असतं ते इथं लिहायची गरज नाही. अर्ध्या तासात खाली डॉक्टर आले. रुक्मिणीबाईंनी पाठवले होते. निरोप असा की समोरच्या कोनापुरेबाई (म्हणजे मी) गच्चीवर टोपी घालून हलतडुलत नाहीत, बहुधा डोक्यावर परिणाम.

म्हणजे त्या माझ्या गच्चीकडे बघत असतात. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची ही कसली सवय?

३० एप्रिल

निर्णय झाला. एकशे पस्तीस. कारणं निव्वळ कलात्मक आहेत. हिमालय दुरून बघायची गोष्ट आहे, शिखरं लांब असतात, मला पाहिजे ते एकच शिखर, एकच देवदार, बाकी गर्दी धूसर. आता यावर पुनर्विचार नाही.

मोकळं मोकळं वाटतं आहे. आज संध्याकाळी बाजारात चालताना मी चक्क गुणगुणत होते.

१ मे

पुनर्विचार केला. पन्नास.

२ मे

अठ्ठावीस. शिखरं लांब असतात, पण खूप असतात.

६ मे

शिवबाई दुधनीहून माझ्यासाठी प्रवासाचं घेऊन आली. कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचे मोठे डबे. म्हणाली, "अक्का, तितं डोंगरात काय मिळतंय? मानसं आठवन काढतील बघा." मग हळूच, "ह्यांनी माडीच्या खोलीला चुना मारलाय."

चुना!

ईश्वरप्पाला पत्र टाकलं: चुना वाया जाईल. वरही तुरीचीच पोती ठेव.

९ मे

सॅकचं वजन. मार्केट यार्डात कमलाकरच्या ओळखीच्या एका दुकानातल्या तागडीवर. माझी सॅक काट्यावर ठेवताच पलीकडचं पारडं वर गेलं ते खाली यायला तयारच नव्हतं. कमलाकरनं सगळ्यांदेखत सॅक उघडायला लावली. डिक्शनरी काढली. इस्त्री काढली. (कपडे चुरगळलेले मला चालत नाहीत, उंची कितीही असो.) मग त्यानं मोज्यांची जोडी हातात घेतली आणि थबकला.

"बाई, मोज्यात काय आहे?"

मी म्हटलं, मोज्यात काय असतं.

एकातून अठ्ठावीस निघाली, दुसऱ्यातून पन्नास. मंडळी हसली. माझ्या मते, वजन समान विभागलेलं असावं म्हणून मी तशी व्यवस्था केली होती.

वजन अजून जास्तच. म्हटलं, चटणीचे डबे काढा. त्यावर अख्ख्या पार्टीनं एका आवाजात "नको!" म्हटलं. चटणी सर्वांची म्हणून गणली गेली आणि डबे दहाजणांत वाटले. लेन्स मात्र माझ्या एकटीची. शेवटी तागडीसमोर उभं राहून निवडायची वेळ आली. काशम्मा म्हणाली, "हेमाक्का, मधली घ्या की. तिच्यात मानूस बी मावतं न् डोंगर बी." मी पन्नासच उचलत होते. पण नर्सबाईच्या सल्ल्यानं मी लेन्स निवडणार?

एकशे पस्तीस घेतली.

१५ मे, बेस कॅम्प

दोन गाड्या, एक खटारा बस, मग इथे. नदी इतकी मोठ्यानं वाहते की काशम्मासुद्धा ऐकू येत नाही.

रोल घातला. आता खरं काम.

१६ मे

पहिली चढण. दर दहा पावलांवर थांबून एक कंपोझिशन पाहिलं. कमलाकर मागे येऊन म्हणाला, "बाई, दम लागला असेल तर सांगा." मी थकत नाही. मी कंपोझ करते. आज दिवसभर अतोनात कंपोझ केलं.

१७ मे

रात्री पायात गोळे. काशम्मानं तेल लावून चोळलं. म्हणाली, "आक्का, हे पाय हायत का सिमेंटचे खांब?" मी म्हटलं हे स्नायू आहेत. ती म्हणाली, "व्हय, कालच आल्यागत वाटतंय."

तिच्या हाताला गुण आहे. तिला हे सांगायचं नाही.

१९ मे

दिल्लीची एक पार्टी भेटली. त्यातला एक मिशाळ गृहस्थ मला हिंदीत म्हणाला, "माताजी, सामान खच्चर पर रख दीजिए, आप भी बैठ जाइए." खच्चर म्हणजे खेचर. मी त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगितलं की मला सॅकही उचलता येते आणि गरज पडल्यास त्यालाही. नंतरचा चढ मी एका दमात चढले. कुठेही कंपोझ केलं नाही. मागे वळून पाहिलं तर गृहस्थ खेचरावर बसलेले.

पैज, गुडघे, ईश्वरप्पा, सगळं विसरायला झालं इतका आनंद झाला. रागानं माणूस चढतो हे कमलाकरला सांगितलं. तो म्हणाला, उद्या तुम्हाला चिडवायला कुणाची तरी ड्यूटी लावतो.

२१ मे, खिंड!!

पोचले. पोचले. पोचले.

पहाटे अंधारात निघालो. काशम्मा पुढे, मी मागे, आणि तिची जीभ दोघींच्या मधे. ड्यूटी तिलाच लागली होती. अख्ख्या चढावर एकच: "आक्का, खोलीला चुना मारलाय म्हनं. कुठला, पांढरा का निळा?" "आक्का, खाली तूर, वर तुमी. किडे नाय लागनार तुमाला." शेवटच्या टप्प्यात मला बोलायलाही श्वास नव्हता, म्हणून मनातल्या मनात तिला उत्तरं देत चढले, आणि उत्तरं संपायच्या आत चढ संपला.

खिंड म्हणजे दोन खडकांमधली एक फट. दहा-बारा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली की भरली. अलीकडे बर्फाची घसरण, पलीकडे तसलीच दुसरी. आणि समोर हिमनदी. तीस वर्षं मी ती फळ्यावर पांढऱ्या खडूनं काढली, निळ्या खडूनं शेडिंग केलं, मुलींना तिची व्याख्या पाठ करायला लावली. खरी बघितली तर मळकट होती. रुंद, सुरकुतलेली, जुन्या सोलापुरी चादरीसारखी. मी हसायलाच लागले. थांबेना. काशम्मालाही हसू आवरेना. कमलाकरला वाटलं उंची बाधली. आम्हाला दोघींना लिंबाच्या गोळ्या दिल्या.

मग सगळ्यांचा ग्रुप फोटो. काशम्माच्या डबा कॅमेऱ्यात शेवटचा एकच फोटो उरलेला. कोण काढणार? सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं. "बाई म्हणजे आपल्या ऑफिशियल फोटोग्राफर." नाकारणं असभ्यपणाचं झालं असतं. मी एका खडकाला पाठ लावून सगळ्यांना नीट उभं केलं, उंच मागे, बुटके पुढे, खिंड बरोबर मधोमध, वर आकाश. खटका दाबला. त्या डब्यातून याहून चांगला फोटो कधी निघाला नसेल.

त्यानंतर माझा. माझ्या कॅमेऱ्यानं, माझ्या लेन्सनं. काशम्माला फोकस शिकवला. ती डोळा लावून म्हणाली, "आक्का, नुसतं नाक दिसतंय."

मी म्हटलं, मागे सरका.

ती एक पाऊल सरकली. "आता नाक न् एक डोळा."

मी म्हटलं, अजून मागे!

"आक्का, आनखी मागं सरले तर थेट दुधनीत पडते."

खाली बघितलं. खरंच तिच्या टाचेमागे बर्फ होता आणि बर्फामागे काही नव्हतं. शेवटी जिथून निघेल तिथून काढ म्हटलं. तिनं काढला. चेहरा नक्की आला असणार. आणि चेहऱ्यावर हिमालय दिसतोच.

३ जून, सोलापूर

स्टुडिओतून रोल धुऊन आला.

शिखरांचे फोटो पाहून स्टुडिओवाले म्हणाले, "बाई, हे कॅलेंडरवरून काढले का? छान आलेत." कलेची जाण नसलेल्या माणसाला एवढीही पावती पुष्कळ.

माझा फोटो मोठा करून घेतला. माकडटोपी, सोललेलं नाक, उघडं तोंड. (काशम्माला "मागे" म्हणताना.) चेहऱ्यामागे राखाडी. एकशे पस्तीसनं काम चोख केलं आहे. बाकी सगळं धूसर.

जरा काळजी वाटते. पण जरा. काशम्माचा ग्रुप फोटो आहेच पुरावा म्हणून.

सायंकाळी: ग्रुप फोटो पुन्हा बघितला. मी त्यात नाही.

साहजिक आहे. मी काढला.

४ जून, रविवार

ईश्वरप्पा आला. शिवबाई आली. मागे टेम्पो आला. आणि टेम्पोत रिकामी पोती, सुतळी, भांडी बांधायला जुन्या चादरी. मी घरात असताना माझ्या घराचं मोजमाप सुरू.

फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावला. "ही तू हायस. पटलं. मागं काय हाय?"

मी म्हटलं, खिंड.

"हे? हे तर धूर हाय. आमच्या गुऱ्हाळापुढं बी असा फोटो निघतोय की."

लेन्सचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. मग ग्रुप फोटो उचलला. बोट एकेका तोंडावर ठेवत गेला. "कमलाकर हाय. काशम्मा हाय. हे टक्कलवाले हायत. तू कुठं?"

"मी फोटो काढला."

"म्हंजे तू न्हाईस."

"फोटो काढायला तिथं असावं लागतं, ईश्वर!"

"तसं बोलणं न्हवतं झालं, अक्का. 'तू उभी असलेला' असं बोलणं झालं होतं. शिवबाईला विचार." शिवबाईनं मान खाली घालून हो म्हटलं. साक्षीदार म्हणून तिला ठेवली तीच चूक. कमलाकरला बोलावू का म्हटलं, तर म्हणाला तोंडी पुरावा नको, अडतीत कागद चालतो.

शब्द म्हणजे शब्द. त्यानं हमालाला हाक मारली आणि माझ्या पुस्तकांच्या पेट्या माडीवरून खाली आणून अंगणात ठेवल्या. पहिलीवर तो स्वतः बसला. हमाल दुसरी आणि तिसरी ठेवून पाणी प्यायला गेला.

पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी दुसरी पेटी पाठीवर घेतली, पट्ट्याच्या जागी चादर बांधली, आणि जिना चढले. पेटी जागेवर ठेवून खाली आले. ईश्वरप्पाला म्हटलं, ऊठ. तो उठला. पहिली पेटीही वर नेली. परत आले. त्याच्या हातातली सुतळी काढून घेतली आणि टेम्पोत टाकली. मग पोती टाकली. मी बोलत होते त्या संपूर्ण वेळ, बहुतेक इंग्रजीत.

तो जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याकडे पाहत राहिला. एकदा त्यानं तिसरी पेटी स्वतः उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. म्हणाला, "अक्का, तुला दम न्हाई लागला?"

मी म्हटलं, नाही. (कंपोझ करण्याइतकाही नाही.)

मग म्हणाला, "चढलीस म्हणजे खरंच. फोटो राहू दे." हात पुढे केला. "दुधनीचं नाव काढणार न्हाई."

मग जाताना दारात थांबून पुन्हा एकदा मला नखशिखांत बघितलं. बैल बाजारात बघतात तसं. म्हणाला, "लई तब्येत कमावलीस की."

५ जून

विजय! निर्विवाद, संपूर्ण विजय. आज दिवसभर घरातून नुसती फिरले. प्रत्येक खोलीत जाऊन उभी राहिले. माझी खोली. माझा जिना. मागची खोली अंधारी आहे, तिथं डार्करूम करायची. खिडकीला काळा कागद. फोटो स्वतः धुणार. पुढच्या मेमध्ये दुसरी खिंड, अठ्ठावीस घेऊन.

काशम्माला चहाला बोलावलं. ती म्हणाली, "आक्का, भाऊ एवढ्यात ऐकला?" तिला आमच्या घराण्याची दानत माहीत नाही.

११ जून, रविवार

महादेवप्पा आला. ईश्वरप्पाचा थोरला मुलगा. बरोबर त्याच्या दोन मुली, सुवर्णा आणि शैलजा, दोन ट्रंका, दोन वळकट्या. मला वाटलं पाहुणे. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, "अक्का आत्या, उद्यापास्नं शाळा. दुधनीत इंग्रजी शिकवायला कोण न्हाई. अप्पा म्हणाले, अक्का बारा हजार फूट सामान घेऊन चढली, तिला ह्या दोन पोरींचं काय ओझं?"

मी म्हटलं, अप्पांनी दुधनीचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं.

"नाव न्हाई काढलं, आत्या. पोरीच पाठवल्यात."

वळकट्या त्यानं मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या. ही व्यवस्था तात्पुरती आहे. एक टर्म. मी त्याला तसं स्पष्ट सांगणार होते, पण गाडीची वेळ झाली होती.

१५ जून

शैलजाला भूगोल येत नाही. हिमनदी म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "थंड नदी." अर्धा तास समजावलं. जुन्या चादरीचं उदाहरण दिलं. आता बरं येतं.

दुधनीचं पत्र. ईश्वरप्पाच्या शेजारचे वीरभद्रप्पा, त्यांच्याही दोन मुली आहेत. अक्कांची कीर्ती ऐकून आहेत. मागची खोली मोठी आहे असं कळलं.

मागच्या खोलीची मापं ईश्वरप्पानं चार जूनलाच घेतली होती, हे आता लक्षात येतं.

मी नाही म्हणून कळवणार आहे. सविस्तर, सडेतोड. उद्या.

१९ जून

नाही म्हणून कळवण्याआधीच आल्या.

२१ जून, सकाळ

उठल्यापासून उभी आहे. चार डोकी, आठ वेण्या. डबे झाले, चटणी पोरी स्वतःच वाढून घेतात. बाहेर रात्रीच्या पावसानं धुतलेलं ऊन पडलं आहे, लाइट अप्रतिम. एक रिबीन सापडत नाही.